सत्तेचाळीस नंबरचा खण

बिल्लेकाका चेहरा विसरतील, पण जोडा विसरायचे नाहीत. गुरुद्वाऱ्याच्या फाटकाला लागून, तीन पायऱ्या खाली, त्यांचं जोडेघर आहे. आत जाणाऱ्याने पायातलं काढून त्यांच्या हाती द्यायचं, त्यांनी ते लाकडी खणात ठेवून नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा, आणि जाताना बिल्ला दाखवला की जोडे परत. एवढंच काम. पण या एवढ्याशा कामात माणसाची सगळी कुंडली कळते म्हणे. कोणाची टाच बाहेरच्या अंगाने झिजते, कोणाचा मुलगा आता बापाचेच बूट घालायला लागला, कोणतं जोडपं काल-परवापर्यंत एका बिल्ल्यावर जोडे ठेवायचं आणि आता दोन बिल्ले मागतंय, ही सगळी बित्तंबातमी काकांकडे असते. ती ते कोणाला सांगत नाहीत. सांगणार तरी कोणाला? काउंटरपलीकडच्या माणसाला येताना आत जायची घाई आणि जाताना घरी जायची. "किती नंबर?" आणि "हे घ्या", या दोन वाक्यांवर काकांचे आठवडेच्या आठवडे निघतात.

राहायला वरची खोली. खाट, स्टोव्ह, एक आरसा, आणि खिडकीत वाळत घातलेले दोन टॉवेल. लग्न नाही केलं. ठरलं होतं, पण काकांनीच निरोप धाडला की मुलीला दुसरीकडे द्या. लोकांनी चार दिवस कुजबुज केली आणि मग विसरून गेले. रोज सकाळी पगडी बांधायच्या आधी त्या पाच-सहा मीटर कापडाची लांबच लांब घडी घालावी लागते, आणि ती घालायला दुसरं माणूस लागतं. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, आणि ताणून दुमडत जायचं. घरोघरी हे काम बायको करते, भाऊ करतो, मुलगी शाळेच्या घाईत कुरकुरत करते. काका एक टोक दाराच्या कडीला बांधतात. कडी कुरकुरत नाही, एवढाच काय तो फायदा.

आता लोकांना वाटतं, काय ही निष्ठा! अडतीस वर्षं एक दिवस सुटी नाही. आणि त्यातही ते अकरा खण. जोडेघराच्या मागच्या भिंतीला अकरा खणांत अकरा बिल्ल्यांचे जोडे अडतीस वर्षं तसेच आहेत. अडतीस वर्षांपूर्वी एका सकाळी जमाव आला. हातात लोखंडी गज होते आणि रॉकेलचे डबे होते, आणि पगडी दिसेल तो माणूस त्यांना हवा होता. त्या दिवशी फाटकाच्या आत-बाहेर जी अकरा माणसं मेली, त्यांचे हे जोडे. काका दर महिन्याला ते काढतात, कातड्याला पॉलिश करतात, कापडाला ब्रश मारतात, पुन्हा त्याच खणात ठेवतात. सत्तेचाळीस नंबरच्या खणात दोन जोड आहेत. एक मोठे तपकिरी बूट, आणि त्यांना टेकून लाल पट्ट्यांचे इवलेसे सँडल. सँडलची मालकीण वाचली होती, असं काकांनी ऐकलं होतं. ती पुढे मावशीकडे वाढली, दुसऱ्या गावी.

ही झाली लोकांना माहीत असलेली गोष्ट. काकांना माहीत असलेली गोष्ट वेगळी आहे.

त्या दिवशी आरडाओरडा ऐकल्याबरोबर सव्वीस वर्षांच्या काकांनी आतून शटर ओढलं, कुलूप घातलं आणि खाली पालथे पडून राहिले. थोड्या वेळाने शटरवर धडाधड हात पडायला लागले. काकांना वाटलं, आले. आता संपलं. त्यांनी कान झाकून घेतले. पण कान झाकले तरी ऐकू यायचं ते येतंच. बाहेरून माणसं ओरडत होती, "बारा! बारा नंबर!" "एकोणीस!" "अहो उघडा, सत्तेचाळीस!"

मारेकऱ्याला बिल्ल्याचा नंबर कुठून माहीत असणार? ती आपलीच माणसं होती. रस्ताभर फुटक्या काचा आणि पेटलेले टायर, त्यावरून अनवाणी पळता येईना म्हणून जोडे मागत होती. उघडलं असतं तर जोडे मिळाले असते, नाहीतर निदान दहाबारा जणांना आत घेता आलं असतं. काकांना हे त्याच क्षणी कळलं होतं. न कळता केलेली चूक माणूस कधीतरी स्वतःला माफ करतो. काकांना कळलं होतं, आणि तरी ते हलले नव्हते. सत्तेचाळीस नंबर सगळ्यांत शेवटपर्यंत ओरडत होता.

अडतीस वर्षांत हे त्यांनी एकाही माणसाला सांगितलं नाही.

सरकारला कधी काय सुचेल याचा नेम नसतो. इतकी वर्षं या समाजाच्या विधवांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, आज या, उद्या या, हा कागद आणा, तो आणा, साहेब जेवायला गेलेत. आणि आता सरकार स्वतःच चालत आलं. शीख समाजाच्या योगदानाचा गौरव करायचा ठराव झाला. एक दालन उभं राहणार होतं. त्यात सैनिक, डॉक्टर, ट्रक चालवणारे, पूल बांधणारे, सगळ्यांचे फोटो. आणि शेवटच्या भिंतीवर त्या दिवसाची आठवण. त्या दिवसाला ठरावात 'दुर्दैवी प्रसंग' म्हटलं होतं. जसं काही वीज पडली होती.

गुरुद्वाऱ्याचे अध्यक्ष पत्र नाचवतच तीन पायऱ्या उतरले. अध्यक्षांचं टायरचं दुकान आहे आणि आवाजही हवा भरल्यासारखाच आहे.

"काका, पेढे वाटा! त्या अकरा जोड्यांसाठी काचेची पेटी करतायत. आणि तुमचा सत्कार! स्टेजवर!"

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल काय विचारता? जोडे जपलेत म्हणून. इथे लिहिलंय बघा, 'प्राणपणाने'."

काका हातातला ब्रश खाली ठेवायचा विसरले. "मला नको," ते म्हणाले.

"असं कसं नको? तुमच्या नावावर मी हो म्हणून बसलोय."

"मग तुम्हीच जा की स्टेजवर."

"अहो, मी गेलो तर लोक जोडे मारतील!" अध्यक्ष स्वतःच्या विनोदावर पोटभर हसले, काकांच्या खांद्यावर थाप मारली आणि गेले. जाता जाता सांगून गेले की दालनाच्या बाई उद्याच माहिती घ्यायला येतायत, नीट बोला.

बाई आल्या. तिशीच्या असतील, पाठीला लॅपटॉपची पिशवी. त्यांनी न सांगता पायातले कापडी बूट काढून काउंटरवर ठेवले. एका बुटाची नाडी पांढरी, दुसऱ्याची करडी. बाईला घरी बघणारं कोणी नाही किंवा सकाळी फार घाई असते, काकांनी मनात नोंद केली आणि तेवीस नंबरचा बिल्ला दिला.

"आजोबा, पेटीवर एक छोटा फलक असणार आहे," बाई म्हणाल्या. "जागा थोडीच आहे, तीन ओळींची. म्हणून तुमच्याच तोंडून ऐकायचं होतं. हे जोडे इथे का राहिले?"

इतका सरळ प्रश्न!  काकांनी रात्रंदिवस ज्याची तालीम केली ते वाक्य जिभेवर आलं होतं. बाईंची बोटं लॅपटॉपवर तयार होती. त्यांच्या चेहऱ्यावर आदर होता, आणि तो आदरच काकांना नको झाला.

"न्यायला कोणी आलं नाही," काका म्हणाले. "म्हणून राहिले."

बाईंनी ते टाइप केलं. खोटं, आणि तेही अशा सफाईने बाहेर पडलं की काकांना स्वतःचीच किळस आली. ते अकरा जण आले होते. नंबर सांगून सांगून घसा फोडून घेतला होता त्यांनी.

"किती हृदयस्पर्शी आहे हे," बाई म्हणाल्या. "आणि आजोबा, एक चांगली बातमी. सत्तेचाळीस नंबरच्या ताईंचा पत्ता लागलाय. त्या वेळी सहा वर्षांच्या होत्या. गुरुवारी येतायत, जोडे ओळखायला. मीही असेन."

ते चार दिवस काकांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. एकाला दुसऱ्याचे बूट दिले, आणि घेणारा माणूस फाटकापर्यंत जाऊन लंगडत परत आला. असं कधी झालं नव्हतं. संध्याकाळी वर जाऊन खाटेवर बसले तर खोली नेहमीपेक्षा मोठी वाटायला लागली. पळून जावं असंही एकदा मनात आलं. पण जाणार कुठे? भावाला भेटून पंधरा वर्षं झाली होती. भावजय चहा करेल, कसे आहात विचारेल, आणि मग तिघंही भिंतीकडे बघत बसतील. एकटेपणाची सवय लागली की त्यात माणूस चांगला रुळतो, पण संकट आलं की कळतं, आपण कोणाला हाक मारावी असं कोणी ठेवलेलंच नाही. काकांनी तर ते मुद्दाम ठेवलं नव्हतं. ज्याने दार उघडलं नाही त्याच्यासाठी कोणी का उघडावं, असा त्यांचा हिशेब होता. जिच्याशी लग्न ठरलं होतं ती मुलगी घरात आली असती आणि एक दिवस सहज विचारलं असतं, त्या दिवशी तुम्ही कुठे होता हो? मग काय सांगायचं?

गुरुवारी सकाळी सँडलची मालकीण आली. चव्वेचाळीस-पंचेचाळीसची, केसांत पांढऱ्या बटा, ताठ मानेची. दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करते, अशी बाईंनी ओळख करून दिली. तिने पायातल्या चपला काढल्या, पण काकांच्या हातात दिल्या नाहीत. वाकून स्वतःच बाजूला ठेवल्या. काकांना ते लागलं, आणि बरोबरच आहे असंही वाटलं.

काकांनी खणातून आधी बूट काढले, मग सँडल. काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. तिने बुटांना हात लावला नाही. लाल पट्ट्यांकडे बघत राहिली.

"इतके छोटे होते?" ती म्हणाली.

दालनाच्या बाईंनी लॅपटॉप उघडला. "ताई, हेच आहेत ना? म्हणजे मी तशी नोंद—"

"थांबा," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका मोठा निघाला की ते स्वतःच दचकले. "आधी मला सांगू द्या. मग काय लिहायचं ते लिहा. तुझे वडील आले होते, पोरी. इथे, या शटरपाशी. मी आत होतो. सत्तेचाळीस नंबर, सत्तेचाळीस नंबर म्हणून ओरडत होते. मला कळलं होतं ते आपलेच आहेत. नंबर ऐकला तेव्हाच कळलं. मी उघडलं नाही."

 बाईंची बोटं कळांवर तशीच थांबली.

"मी भेदरलो होतो," काका म्हणाले. "बाकी काही कारण नाही. तुझ्या वडिलांना मी मारलं म्हण, चालेल. मी रोज म्हणतो."

ती काकांकडे बघत होती. आता ही थोबाडीत मारेल, असं काकांना वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं. पण ती शेजारच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली,

"ते जोडे मागायला का आले, माहीत आहे का तुम्हाला?"

"काचा होत्या ना रस्त्यावर."

"त्यांच्यासाठी नव्हते मागत. ते तर तसेच पळाले असते. आम्ही पलीकडच्या गल्लीच्या तोंडापर्यंत पोचलो होतो काका. मी रडायला लागले. माझे नवे सँडल राहिले, मला माझे सँडल पाहिजेत. भोकाड पसरलं. पायात काच गेली होती, पण मी काचेसाठी नव्हते रडत, सँडलसाठी रडत होते. म्हणून बाबा मागे वळले." तिने सँडलचा एक पट्टा सरळ केला. "मावशीला मी हे कधी सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्ही म्हणता तुम्ही मारलं. मला वाटतं मी मारलं. सहा वर्षांची होते तेव्हापासून वाटतं."

"अगं, तू लेकरू होतीस!" काका ओरडलेच.

"आणि तुम्ही? तुमचं वय काय होतं?"

"सव्वीस. सव्वीस म्हणजे लहान नव्हे."

"माझा मुलगा सव्वीसचा आहे," ती म्हणाली. "झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढतो."

हे ऐकून काकांना हसू आलं की रडू, त्यांचं त्यांना कळलं नाही. डोळे मात्र वाहायला लागले. त्यांनी पॉलिशच्या फडक्याने पुसले, त्यामुळे गालाला काळं लागलं. तिने पर्समधून रुमाल काढून पुढे केला. दालनाच्या बाई खाली बघत बसल्या होत्या. सरकारी माणसाने अशा वेळी काय करायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

मग तिने विचारलं, "आतून तुम्हाला काही दिसत होतं का?"

अडतीस वर्षांत चौकशीचे दोन आयोग येऊन गेले. दोघांनीही बिल्लेकाकांना बोलावलं नाही. जोडे सांभाळणारा, तोही खाली कोंडून घेतलेला, त्याला काय दिसणार? आणि काकांनीही कोणाला सांगितलं नाही, कारण आपणच गुन्हेगार आहोत म्हटल्यावर साक्ष कसली द्यायची?

"ती जाळी बघ," काका म्हणाले. रस्त्याच्या बाजूला, आतून गुडघ्याएवढ्या उंचीवर आणि बाहेरच्या फुटपाथला अगदी लागून, हवेसाठी वीतभर उंचीची जाळी आहे. "मी पालथा पडलो होतो खरा, पण हाका थांबल्या तेव्हा उठून बसलो आणि तिथून पाहिलं. पायच दिसतात तिथून. पळणारे, पडलेले. आणि रस्त्यापलीकडे बूट होते. काळे, सगळे एकसारखे, सरकारी. एका ओळीत. मी मोजले. सोळा बूट, आठ माणसं. बुटांना धूळसुद्धा लागली नव्हती. शेवटपर्यंत एक पाऊल हललं नाही."

दालनाच्या बाईंनी वर पाहिलं.

"आणि मधेच दोन छोटे पाय आले," काका म्हणाले. "अनवाणी. एका पायातून रक्त येत होतं. पळत त्या बुटांपर्यंत गेले. तिथे थांबले. बराच वेळ थांबले. मग परत फिरले. ते कोणाचे होते देव जाणे, मी अजून—"

"माझे," ती म्हणाली.

काकांची नजर तिच्या पायांकडे गेली.

"शाळेत सांगितलं होतं, हरवलात तर पोलिसाकडे जा. म्हणून गेले. म्हटलं, माझ्या बाबांना मारतायत. त्यातल्या एकाने माझा खांदा धरून मला उलट्या दिशेला वळवलं आणि म्हणाला, घरी जा. जोरात नाही म्हणाला. चांगलं बोलला." तिचा आवाज आता बारीक झाला होता. "मला वाटायचं हे मी मनानेच रचलंय. कोणी पाहिलेलंच नव्हतं ना."

"मी पाहिलं," काका म्हणाले. "अडतीस वर्षं तेच बघतोय."

जोडेघरात वरून पावलांचे आवाज येत होते. काउंटरवर एक म्हातारबाबा येऊन चपला ठेवून, आतला रागरंग बघून, बिल्ला न घेताच निघून गेले. इतरवेळी काकांनी त्यांना हाक मारून बिल्ला दिला असता.

"आजोबा," दालनाच्या बाई हळूच म्हणाल्या, "मी आधीचं खोडते. फलकासाठी तुम्ही सांगाल ते लिहिते. तीनच ओळी मात्र."

काकांना विचार करावा लागला नाही. ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "लिहा. हे जोडे मागायला माणसं आली होती. आत मी होतो, मी दार उघडलं नाही. बाहेर सरकारची आठ माणसं उभी होती, तीही हलली नाहीत."

बाईंनी लिहिलं. बोटं मध्येच अडखळली. "शेवटची ओळ वर चालेल असं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "सत्काराचा कार्यक्रम आहे ना. मंत्री येणार. ते म्हणतील, तुमची ओळ ठेवू, ती काढू."

"मग जोडे मिळणार नाहीत," काका म्हणाले. "मी माझं लपवत नाही. त्यांनीही त्यांचं लपवायचं नाही. दोन्ही ओळी राहतील, नाहीतर पेटी रिकामी राहील. आणि त्यांना म्हणावं, सत्काराचं नंतर बघू."

हा माणूस इतकं बोलू शकतो हे अध्यक्षांनी ऐकलं असतं तर त्यांच्या टायरची हवाच गेली असती.

बाईंनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि त्याच तीन ओळी हाताने लिहून काढल्या. अक्षर चांगलं होतं त्यांचं. कागद काकांपुढे सरकवून म्हणाल्या, "सही लागेल. मी हा असाच पाठवते. पण आजोबा, वरून मला पहिला प्रश्न हाच येणार, हे सगळं कोण म्हणतंय?"

काकांनी पेन घेतलं. सही केली. "सांगा, आत होता तो म्हणतोय."

"आणि बाहेर होती ती," ती म्हणाली. तिने त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि काकांच्या सहीखाली आपली सही केली.